एका गोळीचा हट्ट

मी हे लिहायला बसलो आहे याबद्दल आधी माफी मागतो. सरांवर लिहावं असा माझा अधिकार नाही. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजची पायरी चढलेलं नाही, आणि साधा रजेचा अर्ज लिहायचा तरी मी आधी कच्चा लिहितो, मग पक्का. शिवाय सरांचा आवडता विद्यार्थी मी नव्हतोच, तो दुसरा होता. देवळाली कॅम्पातला. लिहायचं तर त्यानं लिहायला हवं. पण तो फौजेत आहे आणि त्याला लिहिण्याची सवय नाही. खरं सांगायचं तर, उद्या त्यानं मनावर घेतलंच, तर निदान माझ्याआधी लिहू नये म्हणूनही मी घाई केली आहे.

सर आम्हाला राज्यशास्त्र शिकवत. पहिल्याच तासाला ते वर्गात आले आणि शिपाई बंदूक लावतो तशी त्यांनी छत्री खांद्याला लावली. तिचं टोक सगळ्या बाकांवरून सावकाश फिरवलं आणि विचारलं, "सांगा, या वर्गात सरकार कोण?"

पुढच्या बाकावरचा एक जण म्हणाला, "तुम्ही, सर."

"का? मला जास्त कळतं म्हणून?"

"नाही सर. छत्री तुमच्याकडे आहे म्हणून."

"बसा," सर म्हणाले. "अर्धा अभ्यासक्रम झाला."

उरलेला अर्धा म्हणजे लाकडाचा ठोकळा. तो सरांनी आम्हाला इतक्या वेळा शिकवला की परीक्षेत प्रश्न कुठलाही असो, उत्तरात ठोकळा येईच. इंग्रजांच्या राज्यात गोऱ्या सोल्जरच्या रायफलीत एकामागून एक झाडता येतील अशा गोळ्या भरलेल्या असत. तशीच रायफल देशी पोलीस शिपायाला देताना साहेब तिची नळी बदलून घ्यायचा आणि गोळ्यांच्या खणात लाकडाचा ठोकळा बसवायचा. मग तिच्यात एका वेळी एकच काडतूस. झाडायचं, उघडायचं, दुसरं घालायचं. "शिपाई साहेबाचा, पगार साहेबाचा, हुकूम साहेबाचा," सर टेबलावर हळूच बोट आपटत म्हणत, "तरी ठोकळा! कारण हाच शिपाई उद्या उलटा फिरला तर? साम्राज्य तोफांवर चालत नाही रे, ते त्या ठोकळ्यावर चालतं."

बोट हळूच आपटत, कारण सरांना आवाजाची भीती वाटे. वर्गात कुणाच्या हातून डस्टर पडलं तरी त्यांचं वाक्य तुटायचं. दिवाळीत ते नाशिक रोडच्या आपल्या खोलीची दारं-खिडक्या लावून कानांत कापसाचे बोळे घालून बसत. आम्ही फराळाचा डबा घेऊन गेलो की खुणांनीच बोलत. इतका बंदुकांवर बोलणारा माणूस, पण त्यांनी आयुष्यात बंदूक हातात धरली नव्हती. एकदा एका मुलानं विचारलंच, "सर, एवढी भीती वाटते तर बंदुकाच का?"

"वाघाला घाबरतो तोच वाघाची माहिती ठेवतो. न घाबरणारा शेपटीला हात लावायला जातो."

सरांना बंदुका भेटत त्या सिनेमात. मारामारीचे सिनेमे ते बघत नसत. जुना काळ आणि राजकारण असेल तोच सिनेमा. मोर्चे, कलेक्टर, संस्थानिक, तुरुंग, कट. असा सिनेमा नाशकात लागला की सर पहिल्याच दिवशी दुपारच्या खेळाला जाणार. तेही कानांत बोळे घालून. त्यामुळे त्यांना संवाद नीट ऐकू येत नसत, आणि त्याचं त्यांना काही वाटतही नसे. म्हणत, "संवाद काय, कुणीही लिहून देतं. बंदूक भाड्यानं आणावी लागते. बंदूक बघ, म्हणजे सिनेमावाल्याला तो काळ कितपत माहीत आहे ते कळतं."

पहिल्या वर्षी सरांबरोबर जाणारा मी होतो. आमचा झेंडूचा मळा आहे. वडील आणि मी पहाटेच टोपल्या सायकलला बांधून गंगेवर, म्हणजे गोदावरीच्या घाटावर, फुलं आणायचो, त्यामुळे सकाळी थिएटरच्या खिडकीशी सगळ्यांत पुढे उभं राहणं मला जमे. माझ्या अंगाला झेंडूचा वास येई. त्याची मला लाज वाटायची, पण सर शेजारी बसताना म्हणत, "वा, लग्नाला आल्यासारखं वाटतंय." ते वाक्य मी दिवसभर मनात घोळवायचो.

एक गोष्ट इथे मुद्दाम लिहून ठेवतो. मुंबईहून सिनेमांना भाड्यानं जाणाऱ्या बंदुकांत एक अशी होती की तिचा लाकडी दस्ता कधीतरी फुटला असावा आणि त्याला पितळेची रुंद पट्टी ठोकलेली होती. ती पट्टी पहिल्यांदा मी पाहिली. सरांनी नव्हे, आणि त्या देवळालीवाल्यानं तर नव्हेच. मी पाहिली. सरांना दाखवली तेव्हा ते खुर्चीवरून अर्धे उठले. तेव्हापासून ती आमची पितळेबाई. पडद्यावर दिसली की सर माझा हात दाबत. "आली बघ! मागच्या सिनेमात डाकूंबरोबर होती, आता देशभक्तांत. बाई सुधारली." आणखी एका सिनेमात ती एका मंत्र्याच्या पहारेकऱ्याकडे दिसली, तेव्हा म्हणाले, "चला, सरकारी नोकरीला लागली. आता पेन्शनीपर्यंत काळजी नाही."

सर विद्यार्थ्यांना बंदुकांची नावं देत. मला प्रश्न विचारला की मी आधी उभा राहायचो, मग घसा साफ करायचो, मग उत्तर मनात जुळवायचो, आणि तोवर सर पुढच्या मुलाकडे वळलेले असत. म्हणून मी ठासणीची. "हिला दारू भरा, गज घाला, ठासा, बत्ती लावा. तोवर शत्रू घरी जाऊन जेवतो." वर्ग हसे. मीही हसायचो. नाव सरांनी दिलं होतं, मला ते पुष्कळ होतं.

दुसऱ्या वर्षी तो आला. वडील तोफखान्यात सुभेदार, अंगावर कडक इस्त्रीचा शर्ट, बोलण्यात अर्धं हिंदी. एनसीसीत त्यानं खरी रायफल झाडली होती. सरांनी भर वर्गात त्याला विचारलं, "खांद्याला धक्का कसा बसतो रे?"

तो बसल्या जागेवरूनच म्हणाला, "गाढवानं लाथ मारल्यासारखा, सर. पण ओळखीच्या गाढवानं."

सर इतके हसले की त्यांना चष्मा काढावा लागला. मी वर्षभरात सरांना एकदाही हसवलं नव्हतं. त्या दिवशी तो रिव्हॉल्व्हर झाला, आणि पुढच्या सिनेमाला सरांच्या एका बाजूला मी आणि दुसऱ्या बाजूला तो. पितळेबाई आली तेव्हा सरांनी दोघांचेही हात दाबले. मला ते सहन झालं नाही.

पहाटे हार ओवताना मी विनोद जुळवायचा प्रयत्न करायचो. एकही जमत नसे. वडिलांनी एकदा पाहिलं.

"एवढा आवळतो कामून रं? फूल मरंल ना."

"काय नाय."

"कॉलेजात कोन बोललं का काय?"

"नाय. एक जण सरांना लय हसवतो."

वडिलांनी थोडा विचार केला. "मंग तू बी हस ना त्यांच्यासंगं. त्याला काय पैसं पडत्यात?"

आणि मग गंगेच्या वरच्या अंगाला, शहराबाहेरच्या एका जुन्या घाटावर, खरोखरीच सिनेमावाले आले. इंग्रजांच्या काळातल्या चळवळीवरचा हिंदी सिनेमा. सर पहिल्याच दिवशी छत्री घेऊन तिथे हजर. कलेक्टर झालेल्या नटाच्या कमरेचं पिस्तूल चुकीच्या काळातलं आहे, हे त्यांनी दोरीपलीकडून ओरडून सांगितलं. दिग्दर्शक तरुण होता, हौशी होता. त्यानं सरांना चहा पाजला आणि म्हणाला, गोळीबाराच्या सीनला येत जा, सल्लागार म्हणून. फक्त बंदुकांच्या तंबूवर पोलिसांचा पहारा आहे, तेव्हा बरोबर एकालाच आणता येईल.

एकालाच. मला वाटलं, पट्टी मी पाहिली आहे, तिकिटांच्या रांगेत मी उभा राहिलो आहे. मी सदरा धुऊन निखारे भरलेल्या तांब्यानं इस्त्री करून ठेवला.

सरांनी आम्हा दोघांना कॉलेजच्या बागेतल्या बाकावर बोलावलं. माझ्याकडे न बघता म्हणाले, "तिथे आवाज होतील. मला शेजारी कुणीतरी न दचकणारं लागेल. रिव्हॉल्व्हर, तू चल."

मी काहीतरी बोलणार होतो. नेहमीप्रमाणे जुळवेपर्यंत सर निघून गेले. तो मागे राहिला आणि माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाला, "अरे, तू गर्दीत ये ना. मरायला माणसं पाहिजेत त्यांना." तो चांगुलपणानं बोलत होता की टोचून, हे मला आजही ठरवता आलेलं नाही.

मी गेलो. वडीलही आले, कारण सिनेमातल्या पुढाऱ्याच्या गळ्यातले हार आमच्याच मळ्यातले होते आणि ते नीट घातले जातात की नाही हे त्यांना बघायचं होतं. आम्हाला धोतरं-टोप्या दिल्या, तोंडाला माती लावली आणि घाटाच्या पायऱ्यांवर बसवलं. तंबूचं तोंड तिथून दिसत होतं. सर आत शिरले आणि एका पेटीपाशी थबकले. मग त्यांनी चपला काढल्या. मला इतक्या लांबून पट्टी दिसणं शक्य नव्हतं, पण चपला काढल्या तेव्हाच मी ओळखलं की पेटीत कोण आहे. सरांनी हात लावला नाही, नुसते हात जोडले. मग शेजारच्या देवळालीवाल्याला काहीतरी म्हणाले, आणि त्यानं ती उचलली. सरांसमोर आडवी धरली, उलटी केली, सुलटी केली. सर वाकून वाकून बघत होते.

"ती बंदूक माझी आहे," मी वडिलांना म्हणालो.

"गप बस. पोलीस हाय तिथं."

सीन असा होता. पुढारी बोलतो आहे, देशी शिपायांची रांग येते, गोरा अधिकारी हात खाली करतो आणि गोळीबार. खोटी काडतुसं, नुसती दारू, पण आवाज खरा. हात खाली झाला आणि शिपाई बनलेली पोरं धाडधाड झाडत सुटली. खटका मागे, पुढे, पुन्हा धाड. आम्ही सांगितल्याप्रमाणे पडलो. मी पालथा, वडील माझ्या पायाशी उताणे.

"मेल्यावर बिडी चालती का रं?" त्यांनी हळूच विचारलं.

तेवढ्यात छत्री उगारून सर सरळ कॅमेऱ्यासमोर आले. कानांत बोळे होते म्हणून स्वतःच्या आवाजाचा अंदाज नाही, ओरडतच आले. "ठोकळा! ठोकळा!"

कॅमेरा थांबला. दिग्दर्शक धावत आला. सरांनी त्याला अख्खं साम्राज्य समजावून सांगितलं. देशी शिपायाची एकच गोळी. झाडा, उघडा, भरा. त्याशिवाय हा सिनेमा खोटा.

"प्रोफेसर साब," दिग्दर्शक कपाळाला हात लावून म्हणाला, "सीन ठंडा हो जाएगा. और पब्लिक को क्या पता चलेगा?"

"पब्लिक तो ये पडी है इधर. इसको पूछो ना!" सर आमच्याकडे वळले. एका कानातला बोळा काढला आणि मेलेल्या माणसांना विचारलं, "काय हो, शिपायानं एकच गोळी झाडून दुसरी भरायला घेतली, तर तुम्हाला भीती कमी वाटेल की जास्त?"

कुणीच बोलेना. मेलेले होते सगळे. पण मला उत्तर येत होतं, आणि या खेपेला ते आपोआप तोंडाबाहेर पडलं. डोळे मिटलेलेच होते, त्यामुळे धीर आला असेल. "जास्त वाटेल. भरताना त्याला आमच्याकडे बघावं लागेल. आणि आम्हाला त्याच्याकडे."

सर आनंदानं म्हणाले, "शाबास! कुठल्या गावचे तुम्ही?"

त्यांनी मला ओळखलं नव्हतं. धोतर होतं, माती होती, हे सगळं खरं. तरी.

मागून त्याचा आवाज आला. "सर, हा आपला ठासणीची."

मी डोळे उघडले. सर क्षणभर माझ्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "असं होय? उठू नकोस, जागा चुकेल." आणि त्याच्या खांद्यावर हात ठेवून परत गेले.

दिग्दर्शकानं मात्र ऐकलं. सीन पुन्हा घेतला. या वेळी एक बार झाला, आणि थांबला. शिपायांनी बंदुका उघडल्या, पट्ट्यातून दुसरं काडतूस काढलं, आणि काढता काढता आमच्याकडे बघितलं. माझ्या समोरचा शिपाई म्हणजे आमच्या वस्तीपलीकडचा दूधवाला होता. त्याचे हात थरथरत होते, काडतूस आत बसेना. कुणी पळायचं, कुणी पडायचं हे आम्ही विसरूनच गेलो. घाटावर इतकं शांत झालं की नदीचं पाणी ऐकू येत होतं. वडिलांनी नकळत माझ्यासमोर हात आडवा धरला. ते काही त्यांना कुणी सांगितलेलं नव्हतं.

मी कॅमेऱ्याच्या बाजूला पाहिलं. सरांनी डोळे घट्ट मिटले होते आणि तोंड त्या देवळालीवाल्याच्या खांद्यात खुपसलं होतं. त्यानं एका हातानं सरांची पाठ धरली होती. तो खांदा किंचितही हलत नव्हता. माझा हलला असता, हे मला माहीत होतं. म्हणूनच ते बघवत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सरांनी मला एकट्याला स्टाफरूममध्ये बोलावलं. दार लोटून घेतलं आणि हळूच विचारलं, "कसं झालं रे?"

ज्या सीनसाठी एवढा हट्ट धरला, तो सरांनी पाहिलाच नव्हता. मी सांगायला लागलो. अडखळत, मागेपुढे करत. दूधवाल्याचे हात, न बसणारं काडतूस, वडिलांचा आडवा हात. त्या दिवशी सरांनी मला घाई केली नाही. मी थांबलो की तेही थांबत. सगळं सांगून झालं तेव्हा म्हणाले, "पुन्हा सांग." मी पुन्हा सांगितलं. बाहेर व्हरांड्यात तो उभा होता, दाराच्या फटीतून त्याची कडक इस्त्री दिसत होती. मी मुद्दाम सावकाश सांगितलं.

सिनेमा यायला बराच काळ गेला. आम्ही बी.ए. झालो होतो. तरी पहिल्या दिवशी तिघंही गेलो, सर मधे. गोळीबाराचा सीन आला. चित्र तसंच होतं. एक गोळी, मग थांबणं, मग काडतूस. पण मुंबईत आवाज भरताना कुणीतरी त्याच्यावर धाडधाड, धाडधाड असा अखंड गोळीबार चढवला होता. शिपाई बंदूक उघडून बसला आहे आणि गोळ्या सुटताहेत. मी सरांकडे पाहिलं.

सरांच्या कानांत बोळे होते. धडधड त्यांना जाणवत असणार, पण लांबची, सगळ्या थिएटरचीच असावी तशी. आणि या खेपेला त्यांचे डोळे उघडे होते. दूधवाल्याचा थरथरणारा हात पडद्यावर मोठा झाला, तसे ते खुर्चीच्या कडेवर आले. त्यांनी आमचे दोघांचे हात धरले. "बघितलंत? एकच! एकच!"

त्यांच्या डोक्यावरून मी त्याच्याकडे पाहिलं. त्यानं माझ्याकडे पाहिलं. बाहेर आल्यावर सरांनी आम्हाला भजी खाऊ घातली आणि म्हणाले, "हिंदुस्थानात एवढा खरा गोळीबार कुणी दाखवलेला नाही." तो म्हणाला, "नाही सर." मीही म्हणालो, "नाही सर." त्यानं आधी म्हटलं, याचं मला तेव्हाही वाईट वाटलं.

मग मी अंबडच्या एका कारखान्यात स्टोअरला लागलो, तो फौजेत गेला. सर रिटायर झाले आणि आश्रमशाळेत फुकट शिकवायला म्हणून पेठला जाऊन राहिले. मी दोनदा भेटून आलो. प्रत्येक वेळी आधी विचारायचो, "तो येऊन गेला का, सर?" तिसऱ्यांदा जायचं राहत गेलं.

परवा सुट्टीच्या दिवशी दुपारी दार वाजलं. तो उभा होता. साध्या कपड्यांत, अंगावर एसटीची धूळ. आत न येताच म्हणाला, "सर गेले. पावसाळ्यातच गेले."

माझ्या तोंडून पहिला प्रश्न निघाला तो असा, "तुला कधी कळलं?"

"आज. रजेवर आलो म्हणून पेठला गेलो होतो भेटायला. तिथून सरळ इकडेच आलो."

म्हणजे त्यालाही कळवलं नव्हतं कुणी. मला रडू यायला हवं होतं आणि आधी बरं वाटलं. मग रडू आलं. तो आत येऊन कॉटवर बसला.

"तिथे एक मुलगी आहे," तो म्हणाला. "दहावीची असेल. शेवटी सरांना दिसत नव्हतं म्हणे. गावात मैदानावर पडदा बांधून सिनेमा दाखवला की ही बघून यायची आणि सरांना सांगायची. कुणाच्या हातात कुठली बंदूक, सगळं. शेवटच्या दिवशीही तीच होती जवळ. मी तिला म्हटलं, मी सरांचा विद्यार्थी. तर मला वरपासून खालपर्यंत बघून म्हणते, 'सरांचे विद्यार्थी तर आम्ही हाय. तुमी कोन?'"



"एवढीशी पोरगी," तो म्हणाला. त्याचा आवाज चढला होता. "कोण रे ही? सरांनी तुला कधी सांगितलं होतं हिच्याबद्दल?"

"नाही," मी म्हटलं. "तुला?"

"नाही."

मी उठलो आणि त्याच्यासाठी चहा टाकला.